आईची मिशरी, माझा चहा: सवय संपून व्यसन नेमके कोठे सुरू होते?

रानजाई

गेल्या महिन्यात माझी आई परसात पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. आई ७१ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात राहते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण दुसऱ्या दिवसापासून तिचा स्वभावच पालटल्यासारखा झाला. एरवी कधी आवाज न चढवणारी माझी आई परिचारिकेवर खेकसू लागली, जेवणाचे ताट दूर सारू लागली, आणि रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागेना. भुलीच्या औषधाचा परिणाम असेल असे आम्हाला वाटले. तिसऱ्या दिवशी गावाहून मावशी आली. तिने आईकडे एकदा पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "आक्काला मिशरी दिली न्हाई व्हय गं कुणी?"

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पाने लोखंडी तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने कुस्करायची आणि वस्त्रगाळ करून डबीत भरून ठेवायची, ती मिशरी. भाजताना जो ठसका लागतो तो माझ्या लहानपणाच्या आठवणींतला सर्वांत पक्का वास आहे. आई डाव्या तळहातावर चिमूटभर घेते आणि उजव्या हाताच्या तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर सावकाश फिरवत बसते. लग्न होऊन सासरी आली त्या वर्षी दाढ दुखत होती म्हणून आजेसासूने तिला ती दिली, असे ती सांगते. त्यानंतर ५० वर्षांत ती कधी सुटली नाही, आणि आमच्या घरात तिला 'दात घासणे' याखेरीज दुसरे नावही मिळाले नाही.

मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट अशी की रुग्णालयात दाखल करतानाच्या अर्जावर 'तंबाखू किंवा मद्याचे व्यसन' या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'नाही' असे लिहिले होते. ते लिहिताना माझ्या मनात शंकाही आली नव्हती.

त्या रात्री आईच्या खाटेशेजारी बसून मी स्वतःचाही हिशोब मांडला. दिवसाला सहा कप चहा, आणि झोप येईपर्यंत हातात फोन. यातले सवय कोणते आणि व्यसन कोणते? ती रेषा कशाने ओळखावी? ज्यांनी ती ओलांडली आहे किंवा घरात कोणी ओलांडताना पाहिले आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

कृष्णाकाठ

आमच्या आजीची डबी तिच्याबरोबर चितेवर ठेवली होती. त्या वेळी त्यात कोणालाही काही वावगे वाटले नव्हते.

दंतकथा

रानजाई ताई, मी सोलापूरला दंतवैद्य आहे, आणि अर्जात तुमच्याकडून जे झाले ते माझ्या दवाखान्यात रोज घडते. "तंबाखू खाता का?" असे विचारले की बायका "नाही" म्हणतात, आणि "मिशरी लावता का?" असे विचारले की लगेच "हो, लावते की" म्हणतात. त्या खोटे बोलत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो प्रश्न वेगळाच असतो. म्हणून मी पहिला प्रश्न विचारणेच सोडून दिले आहे.

तंबाखू भाजल्याने तिच्यातले निकोटिन नाहीसे होत नाही. हिरडीची आणि गालाच्या आतली त्वचा इतकी पातळ असते की ते थेट रक्तात उतरते. दाढ दुखायची थांबते ती काही काळ बधिरपणा आल्यामुळे, दाढ बरी झाल्यामुळे नव्हे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीपर्यंत तो नियम कसा पोहोचणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि धुराविना तंबाखू वापरणाऱ्यांचेच प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्याचे तंबाखूचे दुखणे मुख्यतः विडी-सिगारेटचे नसून तोंडात ठेवायच्या तंबाखूचे आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. स्वीडनचे संशोधक कार्ल फागरस्ट्रॉम यांची निकोटिनच्या अवलंबित्वाविषयीची एक प्रश्नावली आहे. तिच्यात 'सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट ओढता?' या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन दिलेले असून, पाच मिनिटांच्या आत असे उत्तर आले की पूर्ण गुण धरतात. कारण सोपे आहे. रक्तातले निकोटिन दर दोन तासांनी सुमारे निम्मे होते, त्यामुळे पहाटेपर्यंत ते जवळजवळ संपलेले असते, आणि ज्याचे शरीर त्यावाचून अडते त्याला अंथरुणातून उठताच ते लागते. मिशरीलाही मी हाच प्रश्न लावतो. तुमच्या आई उठल्यावर पहिल्यांदा काय करतात, ते आठवून पाहा.

आणखी एक सांगणे आहे. त्यांच्या तोंडात पुसून न जाणारा पांढरट किंवा लालसर चट्टा आहे का, हे एकदा उजेडात पाहून घ्या. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण हे पाहणे लांबणीवर टाकू नका.

तिसरा प्रहर

चहाविषयी माझा अनुभव सांगतो, म्हणजे खरे तर माझ्या पत्नीचा. ती हरतालिकेचा निर्जळी उपास करते. दरवर्षी त्या दिवशी दुपारी तिचे डोके असे काही दुखत असे की खोलीतला उजेडही तिला सहन होत नसे. आई म्हणायची पित्त खवळले, शेजारच्या काकू म्हणायच्या उपासाचे डोके आहे, आणि तिची स्वतःची समजूत अशी की पाण्यावाचून असे होते. काही वर्षांपूर्वी अर्धशिशीसाठी एका डॉक्टरांकडे गेलो असता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आदल्या दिवशीचा शेवटचा चहा किती वाजता घेता?"

शेवटचा चहा संध्याकाळी सहाला होत असे आणि डोके दुसऱ्या दिवशी दुपारी धरत असे. चहा-कॉफीतले कॅफिन थांबल्यावर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, हे त्यांनी समजावून दिले. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे आपल्याला थकवा जाणवतो. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसते. रोज अडवणूक होत राहिली की मेंदू अशा जागाच वाढवतो, आणि मग एखादे दिवशी कॅफिन आले नाही म्हणजे त्या सगळ्या जागा एकदम ॲडेनोसिनला मोकळ्या मिळतात. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका सुरू होतो.

त्या वर्षी तिने हरतालिकेच्या आधी दहा दिवस रोजचा चहा थोडा थोडा कमी करत आणला. उपासाच्या दिवशी डोके दुखले नाही. संध्याकाळी शेजारणींबरोबर ती झिम्मा खेळली, ते मी लग्नानंतर प्रथमच पाहिले. म्हणून मी चहालाही व्यसनच म्हणतो.

उंबरठा

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार करत होते. 'तिसरा प्रहर' यांचा प्रतिसाद वाचल्यावर राहवले नाही. आपल्याविषयी आदर ठेवून सांगते, चहाला कृपा करून व्यसन म्हणू नका.

माझे यजमान १४ वर्षे दारू पीत होते. नोकरी कधी सुटली नाही, रस्त्यात कधी पडले नाहीत, माझ्यावर कधी हात उचलला नाही, आणि म्हणून आमच्याकडे व्यसन आहे असे नातेवाइकांपैकी कोणीच कधी म्हणाले नाही. घराच्या दाराला कुलूप होते त्याची एक चावी त्यांच्याकडे असे. रात्री चावी कुलपात पहिल्या प्रयत्नात गेली तर माझी मुलगी अभ्यासाला बसून राहत असे. दोन-तीनदा खडखडली तर ती वह्या आवरून आतल्या खोलीत जाऊन पडत असे. त्या वेळी ती नऊ वर्षांची होती. हे तिला कोणी शिकवले नव्हते, तिने आपले आपण ठरवले होते, आणि असे काही ती करते हे मला कळायलासुद्धा दोन वर्षे लागली.

पुढे ते व्यसनमुक्ती केंद्रात राहिले आणि आता सहा वर्षे झाली, प्यायलेले नाहीत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा दारू हा आजार आहे असे बोलणेही लोकांना पटत नसे. ते पटायला एवढी वर्षे गेली, आणि आता आपण चहा, चॉकलेट, मालिका, खरेदी सगळ्यांनाच हसत हसत व्यसन म्हणू लागलो, तर ज्या घरात ती चावी खडखडते त्या घरातल्या बाईने आपले दुःख कोणत्या शब्दात सांगायचे?

माझ्यापुरती रेषा स्पष्ट आहे. एका माणसाच्या एखाद्या गोष्टीभोवती घरातल्या दुसऱ्या माणसांना आपले जगणे बेतावे लागले की ते व्यसन.

पैंजण

उंबरठा ताई, तुमच्या मुलीविषयीचा परिच्छेद वाचून फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. लिहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

दंतकथा

उंबरठा ताई, तुमचे म्हणणे वैद्यकशास्त्रालाही बरेचसे मान्य आहे. शरीराला एखाद्या गोष्टीची सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्तदाबाची काही औषधे किंवा स्टिरॉइड एकदम बंद केली तर शरीर बंड करून उठते, तरीही कोणी त्या रुग्णाला व्यसनी म्हणत नाही, कारण तो त्या गोळीच्या मागे धावत नाही, ती मिळवण्यासाठी खोटे बोलत नाही, आणि डॉक्टरांनी हळूहळू बंद केली की तिची आठवणही काढत नाही. मानसोपचारतज्ज्ञांची जी नियमावली अमेरिकेत २०१३ साली नव्याने निघाली, तिच्यात कॅफिन सोडल्यावर होणाऱ्या त्रासाला आजार म्हणून जागा आहे, परंतु कॅफिनच्या व्यसनाला अजून पक्की जागा दिलेली नाही, पुढे अभ्यास करावा अशा विषयांत ते ठेवले आहे. त्यामुळे 'तिसरा प्रहर' यांच्या पत्नीची डोकेदुखी खरी होती आणि तुमचा आक्षेपही खरा आहे.

मात्र तुमच्या रेषेबाबत माझी एक अडचण आहे. मिशरीमुळे घरातल्या कोणालाच आपले जगणे बेतावे लागत नाही. ती बाई पहाटे उठते, मोरीपाशी बसते, दहा मिनिटांत उठून कामाला लागते. कोणाला त्रास नाही, म्हणून कोणाचे लक्ष नाही. तिच्या तोंडातला चट्टा मला दिसतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

नाकासमोर

घरातल्या कोणालाही कळणार नाही असे माझेही एक व्यसन होते, म्हणून लिहितो. तीन वर्षे मी नाकात थेंब घालत होतो.

सर्दी झाली होती तेव्हा औषधाच्या दुकानातून चोंदलेले नाक मोकळे करणारे साधे थेंब आणले. दोन थेंबांत नाक उघडले, झोप लागली. बाटलीच्या वेष्टणावर फार दिवस वापरू नये असे बारीक अक्षरांत लिहिले होते, ते मी वाचले नाही. सर्दी आठवड्यात गेली, पण नाक चोंदायचे राहीना. आधी फक्त रात्री घालत होतो, मग सकाळीही घालू लागलो, आणि पुढे दर चार तासांनी. एक बाटली उशीखाली, एक कार्यालयाच्या खणात, एक स्कूटरच्या डिकीत. एकदा भाच्याच्या लग्नाला कोकणात गेलो असताना बाटली घरी राहिली, तेव्हा रात्री साडेअकराला मी स्कूटर मागून घेऊन तालुक्याच्या गावी औषधाचे दुकान शोधत फिरलो. त्या अंधाऱ्या रस्त्यावर मला प्रथमच स्वतःची भीती वाटली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितले की हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, आणि त्यांचा असर उतरला की त्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे नाक चोंदत होते ते थेंबांमुळेच, आणि ते मोकळे करायला मी पुन्हा तेच थेंब घालत होतो. त्यांनी एक युक्ती दिली. आधी फक्त उजव्या नाकपुडीचे थेंब बंद करायचे, डावी चालू ठेवायची. उजवी बाजू स्वतःहून मोकळी झाली की मग डावीचे बंद करायचे. सोबत सूज उतरवणारा फवारा दिला. पहिले पाच दिवस कठीण गेले, पण एक नाकपुडी चालू असल्यामुळे जीव गुदमरल्याची भीती राहिली नाही. तीन आठवड्यांत दोन्ही सुटल्या.

यात मला ना नशा होती ना आनंद. ज्या दुखण्यासाठी ती वस्तू घेत होतो ते दुखणे तीच वस्तू निर्माण करत होती, आणि मला तो फेरा दिसत नव्हता. रानजाई ताईंच्या आईंची दाढ आठवून पाहा. मिशरीने हिरड्या झिजतात, दाताची मुळे उघडी पडतात, ती झणझणली की पुन्हा मिशरी लावायची. माझ्या दृष्टीने रेषा तेथे आहे.

गोदाकाठ

मी ३० वर्षे संस्कृत शिकवले, त्यामुळे शब्दाविषयी थोडे लिहिण्याची मुभा घेतो. 'व्यसन' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे या धातूपासून आला आहे. जे माणसाला त्याच्या हिताच्या मार्गावरून बाजूला फेकते ते व्यसन. जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ संकट असाही होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांचेच आहे आणि त्यात दुष्काळ व पूर हेही राज्याचे व्यसन म्हणूनच येतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची कामातून उपजणारी दहा आणि क्रोधातून उपजणारी आठ व्यसने सांगितली आहेत. त्यांत मद्य आणि फासे आहेत, तसेच दिवसा झोपणे, चहाडी आणि विनाकारण भटकणे हीसुद्धा आहेत. यावरून दिसते की एखादे द्रव्य पोटात जाणे ही व्यसनाची अट आपल्याकडे कधीच नव्हती.

मराठीने तर याच्या छटा फार बारकाईने जपल्या आहेत. नाद लागतो, छंद जडतो, चटक लागते, तलफ येते. तलफ हा शब्द विशेष पाहण्याजोगा आहे. आपण "मला चहाची तलफ आली" असे म्हणतो, "मी तलफ केली" असे म्हणत नाही. ती येते, आपण तिच्या वाटेत असतो. आणि शेवटची पायरी गाठली की आपण म्हणतो, "तो दारूच्या आहारी गेला." या शब्दप्रयोगात खाणारा कोण आणि खाद्य कोण, हे पाहिले म्हणजे माझ्या मते रानजाई यांच्या प्रश्नाचे उत्तर भाषेने आधीच देऊन ठेवले आहे. सवय असेपर्यंत वस्तू आपला आहार असते.

कृष्णाकाठ

'आहारी जाणे' आयुष्यभर बोलत आलो, पण असे कधी फोडून पाहिले नव्हते. सर, धन्यवाद.

बालाघाट

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मिशरीविषयी एक बाजू राहून गेली आहे असे वाटते, ती मांडतो.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची आणि अंधारातच फडात उतरायची. वडील ऊस तोडायचे, ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची. दुपारचे खाणे कधी दोनला व्हायचे, कधी चारला. त्या मधल्या वेळात ती मिशरी लावायची. मी लहानपणी विचारले तर म्हणाली, "भूक मरते बाबा, अन् हात चालतो." निकोटिन भूक मारते हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळाले, तिला ते आधीच ठाऊक होते. शिवाय फडात बाईला दोन मिनिटे बसायला मिळण्याचे मिशरी हेच एक कारण होते, ज्यासाठी मुकादमही काही बोलत नसे.

तेव्हा दंतकथा डॉक्टर, तुम्ही चट्टा पाहता ते फार महत्त्वाचे काम आहे, आणि माझी आई त्याच आजाराने गेली म्हणून मी हे मनापासून सांगतो. पण तिला कोणी मिशरी सोड म्हटले असते, तर दुपारी दोनपर्यंत पोटात काय घालायचे आणि कोणत्या निमित्ताने टेकायचे, याचे उत्तरही द्यावे लागले असते. माणूस वस्तूच्या आहारी जातो तेव्हा त्याआधी त्याला दुसऱ्या कशाने तरी खाल्लेले असते.

दंतकथा

बालाघाट, आपल्या मातोश्रींविषयी वाचून वाईट वाटले. आपण म्हणता ते मान्य आहे. गर्भारपणीही अशाच कारणांसाठी मिशरी चालू राहते आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. नुसते "सोडा" म्हणणाऱ्या डॉक्टरांमध्ये मीही अनेक वर्षे होतो. आता विश्रांती आणि जेवणाच्या वेळा आधी विचारतो.

सातवा मजला

मी ठाण्याला राहतो. उंबरठा ताईंनी सांगितलेली खूण मी स्वतःला लावून पाहिली, आणि जे दिसले ते येथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

दारू नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा एकच कप. पण कार्यालयातून आल्यावर मी फोन घेऊन बसतो तो झोपेपर्यंत. मला वाटत असे की मी घरीच तर आहे, कोणाचे काय जाते? परवा माझी सात वर्षांची मुलगी चित्रकलेची वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आता दाखवू? फोन चार्जिंगला लावलाय ना?" मी पत्नीला विचारले, तेव्हा ती म्हणाली की मुलगी कित्येक महिन्यांपासून असेच करते. आधी भिंतीकडे जाऊन तार जोडलेली आहे का ते पाहते आणि मगच माझ्याकडे येते.

उंबरठा ताईंच्या मुलीची चावी आणि माझ्या मुलीची तार यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दुःखाची तुलना करण्याचा हेतू नाही, ताईंनी सोसले ते फार मोठे आहे.

मी संगणक क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हे कसे रचलेले असते हे मला ठाऊक होते. बोट फिरवत राहिले की तळ न लागणारे पान ही २००६ साली अझा रास्किन यांनी केलेली रचना, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाला प्रकरण संपते, पानाच्या तळाशी क्षणभर थांबावे लागते, येथे तो थांबाच काढून टाकला आहे. शिवाय दर खेपेस काही चांगले सापडतेच असे नाही, कधी सापडते, कधी नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिले होते की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अवचित मिळत राहिले तर प्राणी कळ दाबणे सोडायलाच तयार होत नाही. हे सगळे माहीत असून मी सुटलो नाही, तेव्हा माहितीने व्यसन सुटते या समजुतीवर माझा विश्वास उरलेला नाही.

सध्या एवढेच केले आहे की घरी आल्यावर फोन देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवतो आणि तार तेथेच कायमची लावून दिली आहे.

उंबरठा

सातवा मजला, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती आता १९ वर्षांची आहे. ती म्हणाली, "आई, तेच आहे हे." तेव्हा फोनविषयीचे माझे मत मी बदलते. चहाविषयीचे मात्र बदलत नाही.

तिसरा प्रहर

उंबरठा ताई, आपला आक्षेप मला पटला. यापुढे मी चहाला सवय म्हणेन, आणि हरतालिकेआधीचे दहा दिवस मात्र चुकवणार नाही.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहीत आहे. बालाघाट यांच्या प्रतिसादावरून येथील एक जुना अभ्यास आठवला. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते आणि ते मायदेशी परतल्यावर देशभर व्यसनाची साथ पसरेल अशी सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७० च्या दशकात परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा आढळले की त्यांतल्या बहुतेकांनी घरी आल्यावर ते पुन्हा धरले नाही. त्यांचे ठिकाण, सोबती, भीती आणि रिकामा वेळ, सारेच मागे राहिले होते. आपल्याकडे "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" असे म्हणतात, ते मला या अभ्यासानंतर तितकेसे खरे वाटत नाही. मात्र याची दुसरी बाजू अशी की रुग्णालयातून सुटलेला माणूस त्याच घरात, त्याच कोपऱ्यात परततो तेव्हा तलफ तेथे त्याची वाट पाहत असते. रानजाई, तुमच्या आई घरी आल्या का?

रानजाई

आई गेल्या रविवारी घरी आली. सर्वांचे प्रतिसाद मी तिला वाचून दाखवले आहेत. 'बालाघाट' यांच्या आईविषयीचा मजकूर तिने दोनदा वाचायला लावला.

रुग्णालयात मावशीने डबी काढली तेव्हा मी ती देऊ दिली नाही. डॉक्टरांना खरे काय ते सांगितले, त्यांनी निकोटिनची पट्टी दंडावर लावली, आणि दुसऱ्या दिवशी आई जेवली. पुढे अकरा दिवस तिने मिशरीचे नावही काढले नाही. आम्हाला वाटले, सुटली. परंतु घरी आल्यावर पहिल्याच पहाटे मी जागी झाले तर ती वॉकर धरून परसदाराच्या पायरीपर्यंत पोहोचली होती आणि तिचा हात भिंतीतल्या कोनाड्यात डबी शोधत होता. डबी तेथे नव्हती, मी आधीच काढून ठेवली होती. तिने मागे वळून पाहिले आणि म्हणाली, "माझं मलाच कळलं न्हाई गं, मी कवा उठले ते." दंतकथा डॉक्टर, तुमच्या पाच मिनिटांच्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले.

मी डबी तिच्या हातात परत दिली. लपवून ठेवण्याने काही होणार नाही, शेजारी चार घरांत मिशरी आहे. तिला एवढेच विचारले, की दिवसातून किती वेळा लावत होतीस? ती म्हणाली, तीनदा. मग आम्ही असे ठरवले की प्रत्येक वेळी तिने लावण्याआधी वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी दाणे मोजले तर नऊ निघाले. तिने ते जमिनीवर पसरून पुन्हा एकदा स्वतः मोजले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बालाघाट यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी तिला विचारले की इतक्या वर्षांत ती पायरीवर बसायची तेव्हा आणखी कशासाठी बसायची. तिने सांगितले की पहाटेचा तेवढाच वेळ तिचा असे, तोंडात मिशरी असेपर्यंत तिला कोणी हाक मारत नसे. तेव्हापासून मी रोज पहाटे तिच्यासाठी पायरीवर घोंगडी टाकते आणि ती उठेपर्यंत कोणी तिला हाक मारायची नाही, असे घरात सांगून ठेवले आहे. काल वाटीत पाच दाणे होते, आज दुपारपर्यंत दोन आहेत.

माझ्या चहाचे कप मी त्याच वाटीशेजारी दुसऱ्या वाटीत मोजते आहे, कारण तिने तशी अट घातली.

डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे उजेडात पाहिले. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ, करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा आहे आणि तो पुसला जात नाही. दुखत नाही असे ती म्हणते. साताऱ्यात मंगळवारी दाखवायचे ठरवले आहे. तेथे तपासणीसाठी तुकडा काढावा लागेल का, आणि हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरची रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना तो काढता येतो का, हे कृपया सांगाल का?

दंतकथा

ताई, मंगळवारच चांगला आहे, पुढे ढकलू नका. तुकडा काढायचा की नाही हे प्रत्यक्ष पाहणारे डॉक्टर ठरवतील, चट्टा तसाच राहिला तर बहुधा काढतात. रक्त पातळ करणारे औषध स्वतःहून बंद करू नका. त्याचे नाव आणि मात्रा लिहिलेला कागद सोबत न्या, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना आजच फोन करून विचारून ठेवा. अर्जावर या वेळी तंबाखूच्या रकान्यात 'मिशरी, ५० वर्षे' असे स्पष्ट लिहा. आणि ज्वारीची ती वाटीही बरोबर घेऊन जा, तेथील डॉक्टरांना तिचा उपयोग होईल.